विषावर उतारा वेचताना

विदर्भातल्या वणी तालुक्यातले राजूर ओळखले जाते कोळशाच्या खाणीमुळे. पण या पट्ट्यातली कितीतरी रोजची कामे पऱ्हाटीच्या तासांत चालतात. निंदण असो की वेचणी, हात झाडाच्या बुडाशी जातात आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून गेलेली परड, म्हणजे घोणस, तिथेच वेटोळे घालून असते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. सर्पदंशावरचे प्रतिविष आजही मूलतः १८९०च्या दशकातल्या रीतीनेच बनते: घोड्याला थोडेथोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काढून घ्यायची. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. तरी घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी विषाशी लढणारी थोडीच असतात, आणि परक्या प्राण्याची प्रथिने शरीरात गेल्याने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जीही होते. प्रतिपिंडे घोड्यावर सोपवण्याऐवजी प्रयोगशाळेत वेचून काढण्याची वेळ आता आली आहे, असे मला वाटते.

ही वेचणी ज्या युक्तीवर उभी आहे, ती शेतकऱ्याला सांगावी लागणार नाही. चांगले कणीस निवडले की त्याचेच दाणे पुढल्या हंगामाला पेरता येतात, कारण दाण्यातच पुढच्या झाडाचा आराखडा असतो. प्रथिनाचे तसे नसते. हाती आलेल्या प्रथिनावरून त्याच्या आणखी प्रती काढता येत नाहीत. १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ही अडचण सोडवली. जिवाणूंवर जगणाऱ्या फाज नावाच्या विषाणूच्या पोटात जनुक घातले, तर त्या जनुकाचे प्रथिन विषाणूच्या अंगावर बाहेर दिसते. प्रथिन आणि त्याचे बियाणे असे एकाच कणात आले. मग अब्जावधी वेगवेगळे कण, म्हणजेच ‘लायब्ररी’, एका थेंबात मावतात. ज्याला चिकटणारे प्रथिन हवे तो पदार्थ आमिष म्हणून ताटलीच्या तळाला लावायचा, वर लायब्ररी ओतायची आणि धुवायचे. जे चिकटले नाहीत ते सुपातल्या फोलासारखे निघून जातात. उरलेले जिवाणूंमध्ये वाढवायचे आणि पुन्हा पाखडायचे. अशा तीन-चार फेऱ्यांत मूठभर उत्तम दाणे हाती येतात. ग्रेगरी विंटर यांनी हीच रीत प्रतिपिंडांसाठी वापरली. २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. संधिवातावरचे ॲडॅलिम्युमॅब याच वाटेने आले. पुढे फाजऐवजी यीस्टच्या पेशी वापरात आल्या. चिकटलेल्या पेशी चमकाव्यात म्हणून आमिषाला रंग लावतात आणि लेझरच्या उजेडात यंत्र त्या एकेक करून बाजूला काढते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांचा गट आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था यांनी २०२४ मध्ये हीच चाळणी सापाच्या विषाला लावली. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला ब्लॅक मांबा यांच्या विषात मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू न देणारी एका घराण्याची प्रथिने असतात. ५० अब्जांहून अधिक मानवी प्रतिपिंडांच्या लायब्ररीपुढे आधी एका मण्यारीच्या विषातले प्रथिन ठेवले. सुमारे ३,८०० उरली. त्यांना आणखी चार विषप्रथिने दाखवली, तेव्हा ३० टिकली. त्यांतल्या ‘९५मॅट५’ या एकाने उंदरांना नागाच्या एका जातीच्या आणि मांबाच्या विषातून वाचवले. विष टोचल्यावर २० मिनिटांनी दिले तरीही. मला यातला सर्वांत विलक्षण भाग पुढचा वाटतो. हे प्रतिपिंड आपल्या स्नायूंवर ज्या जागी विष बसते, त्या जागेची नक्कल करते. असे कुणी आधी ठरवलेले नव्हते. चाळणी नीट लावल्यामुळे ते सापडले.

यावर आक्षेप आहेत आणि ते बिनबुडाचे नाहीत. आता संगणकच प्रथिने रचतो, मग वेचायचे कशाला? डेव्हिड बेकर यांच्या गटाने २०२५ मध्ये याच विषप्रथिनांवर संगणकाने रचलेली छोटी प्रथिने प्रसिद्ध केली, हे खरे. पण रचलेली प्रथिनेसुद्धा नळीत आणि नंतर प्राण्यांत कसाला लावावीच लागतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एका प्रतिपिंडाने परडीचे विष उतरत नाही. ते रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवते, मूत्रपिंडांना इजा करते, आणि त्यातली प्रथिने नागाच्या विषातल्यांहून निराळी असतात. तिथे अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण लागेल, खर्चही वाढेल. तोवर दंश झालेल्या माणसाला तातडीने दवाखान्यात नेऊन घोड्यापासून बनलेले प्रतिविषच द्यायला हवे, यात शंका नाही. पण या आक्षेपातून मला दिसते ते एवढेच, की आमिष निवडण्यात हयगय चालणार नाही. चाळणीपुढे जे ठेवाल त्यालाच चिकटणारे हाती येते. आपल्या प्रतिविषासाठीचे बहुतेक विष १९७८ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडूतील इरुला जमातीतल्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे सुनगर यांच्याच गटाने दाखवले आहे. म्हणून परडीवरच्या प्रतिपिंडांची वेचणी सुरू होईल तेव्हा नळीत दक्षिणेतल्या विषासोबत विदर्भातल्या काळ्या रानात पकडलेल्या परडींचे विषही असले पाहिजे, आणि ते पहिल्याच फेरीपासून.