दुसऱ्यांची गाणी, आपला गळा

वाचकहो, गाणे कोणाचे? रचणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, की ऐकणाऱ्याचे? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु ज्या समाजाची गाणी जहाजातून आली आणि ती रचली कोणी हे आज कोणालाच सांगता येत नाही, त्या आपल्यासारख्या बेटावरच्या मराठी समाजाला हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचे एक उत्तर आम्हांला आयर्लंडमध्ये, मेनूथ गावी मिळाले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मेनूथ हे डब्लिनच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, किल्डेअर परगण्यात वसलेले गाव. बाजूने रॉयल कालवा वाहतो, जुन्या किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. १७९५ साली येथे कॅथलिक पाद्री घडविणारे सेंट पॅट्रिक्स कॉलेज सुरू झाले. १९९७ पासून येथे स्वतंत्र विद्यापीठही आहे, आणि २०१३ साली प्राथमिक शिक्षक तयार करणारे फ्रोबेल कॉलेज त्यात येऊन मिळाले. आमच्यासारख्या शिक्षकाचे पाय अशा गावाकडे वळावेत, यात नवल नाही.

या शांत, अभ्यासू गावाचा नाचगाण्याशी मात्र एक जुना झगडा आहे. ६ ऑक्टोबर १९२५ रोजी आयर्लंडचे बिशप मेनूथला जमले आणि गावोगावच्या नाचांविरुद्ध त्यांनी एक पत्रक काढले. देशी नाच ठीक, परंतु परदेशातून आलेले नाच तरुणांना बिघडवतात, असा त्याचा रोख होता. पुढे १९३५ साली कायदाच झाला. सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाचा परवाना लागू लागला. पण लोकांचे पाय काही थांबले नाहीत. पुष्कळ ठिकाणी तर पाद्रीच पुढाकार घेऊन सभागृहे बांधू लागले. मुले नाचणारच, तर ती आपल्या डोळ्यांसमोर नाचलेली बरी, आणि चार पैसे चर्चच्या कामी आले तर तेही बरेच! १९५० नंतर या सभागृहांतून ‘शोबँड’ नावाची वाद्यवृंदांची मोठी लाट आली. डब्लिनहून गॉलवेकडे जाणारा जुना रस्ता मेनूथमधूनच जात असे, आणि पश्चिमेकडच्या गावांत कार्यक्रम असला की वादकांच्या गाड्या याच वाटेने धावत.

याच काळात फिलोमिना बेगली हे नाव लोकांच्या तोंडी आले. बाईंचा जन्म १९४२ सालचा, टायरोन परगण्यातील पॉमरॉय गावचा. हा भाग उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश राज्यात येतो. शाळा सुटल्यावर त्या टोप्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या. १९६२ साली ‘ओल्ड क्रॉस’ नावाच्या वाद्यवृंदात गाऊ लागल्या. तो वाद्यवृंद पारंपरिक आयरिश नाचाची धून वाजवणारा होता. काही वर्षांनी त्याने कूस बदलली, अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले ‘कंट्री’ संगीत उचलले, आणि बाईंचा गळा त्या संगीताला असा लागला की लोक त्यांना आयरिश कंट्रीची राणी म्हणू लागले. मेनूथच्या त्याच रस्त्यावर पुढे मोट नावाचे गाव लागते, तेथील रे लायनम या गायकाबरोबरची त्यांची युगुलगीतेही फार गाजली.

आता गंमत अशी, की बाईंच्या गाजलेल्या गाण्यांपैकी पुष्कळ गाणी मुळात त्यांची नव्हेतच. १९७५ साली त्यांचे ‘ब्लँकेट ऑन द ग्राउंड’ आयर्लंडभर वाजले. हे गाणे रॉजर बोलिंग या अमेरिकन माणसाने लिहिलेले, आणि टेक्सासच्या बिली जो स्पिअर्स यांनी त्याच वर्षी अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलेले. म्हणजे शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, कीर्तीही आधीच दुसरीने मिळवलेली. मग आयर्लंडच्या लोकांनी ते बाईंच्या नावावर का केले?

मेनूथमध्ये आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तेथील आजीबाईंना आम्ही नेमके हेच विचारले. त्यांचे म्हणणे असे, की फिलोमिनाबाईंचे गाणे त्यांनी बसून कधी ऐकलेच नाही. ते नेहमी नाचता नाचता ऐकले. ज्याच्याशी पुढे लग्न झाले, त्याच्याबरोबर नाचताना ऐकले. मूळ अमेरिकन तबकडी पुढे कधीतरी रेडिओवर कानी पडली, तेव्हा त्यांना तीच नक्कल वाटली! बाई कार्यक्रम संपल्यावर लोकांशी बोलत थांबत, कोणाची आई आजारी आहे हेही विचारत, असे त्यांनी कौतुकाने सांगितले. गायिकेचे कौतुक करताना त्या आवाजाविषयी थोडे आणि आपुलकीविषयी फार बोलल्या.

हे ऐकून आम्हांला देवकी आणि यशोदा आठवल्या. कृष्णाला जन्म दिला देवकीने, पण त्याला न्हाऊमाखू घातले, लोणी भरवले, रागेही भरले ते यशोदेने. गोकुळाने त्याला ओळखले ते यशोदेचा म्हणून. गाण्यालाही अशा दोन आया असतात.

शिवाय या कृष्णाचे मूळ घर पाहिले, तर गोष्ट आणखी मजेची होते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून पोटासाठी गेलेल्या लोकांनी आपली कथागीते आणि व्हायोलिनच्या धुना अमेरिकेच्या डोंगराळ मुलुखात नेल्या. तेथे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा बॅन्जो त्यांना भेटला, आणखीही पुष्कळ काही मिसळले, आणि त्यातून कंट्री संगीत उभे राहिले. १९२५ साली मेनूथच्या पत्रकाने जे परदेशी म्हणून नाकारले, तशाच परदेशी वाटेने पुढे आलेल्या या गाण्यांत घरचे रक्त होते. लेक सासरी जाऊन नातवंडे घेऊन माहेरी यावी, तशी ती आली.

पण यशोदा होणे सोपे नाही. १९७५ हे वर्ष बाईंच्या यशाचे, तसेच आयरिश संगीताच्या मोठ्या दुःखाचेही. उत्तरेत तेव्हा पंथापंथांतील रक्तपात चालू होता. ३१ जुलैच्या पहाटे ‘मायामी शोबँड’चे कलावंत कार्यक्रम आटोपून डब्लिनकडे परतत होते. न्यूरी शहराजवळ गणवेशातल्या बंदूकधाऱ्यांनी खोटी नाकाबंदी करून त्यांची गाडी अडवली. गाडीत बाँब ठेवताना तो फुटला, मग गोळीबार झाला, आणि तीन वादक ठार झाले. या वाद्यवृंदात प्रोटेस्टंटही होते, कॅथलिकही होते. नाचघर ही दोन्ही पंथांची तरुण मुले एकत्र येण्याची जागा होती, आणि घाव बसला तो नेमका तिच्यावर. त्यानंतर दक्षिणेतले पुष्कळ वादक सीमा ओलांडायला धजेनात. उत्तरेतच घर असलेल्या फिलोमिनाबाई मात्र गात राहिल्या. रात्री-अपरात्री त्याच रस्त्यांवरून घरी परतायचे, हे त्यांच्या धंद्याचेच काम होते. २०२२ साली त्यांच्या गायनाला ६० वर्षे झाली आणि वयाला ८०. तीच तीच गाणी इतकी वर्षे ऐकून लोक कंटाळत कसे नाहीत, असे कोणी विचारील. अहो, देवघरातली समई रोज तीच असते, म्हणून ती कोणी बदलतो काय?

महाराष्ट्रातही हेच दिसते. सुलोचना चव्हाण यांनी गायलेल्या लावण्या लिहिणारे कवी वेगळे, चाली बांधणारे वेगळे. तरीही लोक म्हणतात, ‘सुलोचनाबाईंची लावणी’. डोक्यावर पदर घेऊन त्या गात, आणि माजघरातल्या स्त्रियाही ती लावणी निःसंकोच ऐकत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. लावणी मात्र राहिली, कारण ती ऐकणारे राहिले.

आता आपल्या बेटाकडे वळू. आपले पूर्वज मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर आले, तेव्हा पेटीत फारसे काही नव्हते. ओव्या, आरत्या, भजने आणि कोकणातली झाकरी तेवढी कंठात होती. ती रचणारी देवकी कोण, हे आता कळणार नाही. तिला वाढवणाऱ्या यशोदा मात्र आपल्या घरोघरी होत्या, आणि काही अजून आहेत. आपल्या भोजपुरी भगिनींनी लग्नघरातली आपली गाणी शाळा काढून शिकवली, आणि २०१६ साली त्यांची गीत-गवाई युनेस्कोच्या यादीत गेली. त्या यादीचा मान मोठाच, पण त्याआधी शेजारणी एकत्र बसून गात होत्या, हे विसरता कामा नये.

आमच्या वर्गातली मुले मराठी कविता चालीवर पाठ म्हणतात, आणि घरी गेल्यावर क्रिओलमध्ये बोलतात. त्याचे आम्हांला फारसे भय वाटत नाही. आयर्लंडमध्येही बहुतेक घरांची रोजची बोली इंग्रजीच आहे. भय वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. गणेशोत्सवात एखादी मावशी जुने गाणे उचलते आणि दुसरे कडवे येईपर्यंत आपण टेलिफोन काढून तिचे चित्र घेऊ लागतो. चित्र घरी येते, गाणे तिथेच राहते. मेनूथच्या आजीबाईंनी आपल्या राणीचे चित्र घेतले नव्हते, त्या तिच्या तालावर नाचल्या होत्या. तेव्हा येत्या चतुर्थीला मावशीने सूर लावला, की हातातले यंत्र खिशात ठेवा, मुलांना पुढे बसवा, आणि तिच्यामागे झील धरा. शब्द चुकले तर चुकू देत. ती सांगेल.