तबकडी पुसण्याआधी

परदेशातल्या मराठी घरांत एक वस्तू बऱ्याचदा सापडते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पासपोर्ट आणि जुन्या पावत्यांशेजारी, रुमालात गुंडाळून ठेवलेलं एक बंद मनगटी घड्याळ. कुणाकडे आजोबांचं फेवर ल्युबा असतं, कुणाकडे वेस्ट एंडचं ‘सोवार’, आणि आमच्यासारख्या अनेकांकडे एचएमटी. तबकडी पिवळी पडलेली असते, कडेला डाग असतात. दर दोन-तीन वर्षांनी घरात कुणीतरी म्हणतं, ‘‘एकदा छान करून घ्यायला हवं.’’ हे ‘छान करून घेणं’ म्हणजे नेमकं काय, यावर लिहावंसं वाटलं. गेली पाच वर्षं सिंगापूरमध्ये नोकरी सांभाळून मी याच नादाला लागलोय.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. दिवसभर कोड लिहायचा, बिघडलं की मागच्या आवृत्तीवर जायचं, ही आमची सवय. शनिवारी मात्र माझी फेरी असते सिटी हॉल स्टेशनजवळच्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमध्ये. जुने कॅमेरे आणि वापरलेली घड्याळं पाहत तिथे दोन तास सहज जातात. सुंगेई रोडचा जुना बाजार, जिथे रस्त्याकडेला चादर अंथरून अशा वस्तू विकायला बसत, तो जुलै २०१७ मध्ये बंद झाला. मी त्यानंतर आलो, त्यामुळे त्याच्या नुसत्या गोष्टीच ऐकल्यात.

अशाच एका फेरीत काचेच्या कपाटात एकाच मॉडेलची दोन घड्याळं शेजारी दिसली. एक अगदी चकचकीत, दुसरं डागाळलेलं. आणि महाग होतं ते डागाळलेलं! दुकानदार म्हणाला, पहिल्याची तबकडी पुन्हा रंगवलेली आहे, दुसऱ्याची कारखान्यातून आली तशीच आहे. जगभर हाच हिशेब चालतो. पॉल न्यूमन या हॉलिवूड नटाचं रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. त्याचं नाव मोठं हे खरंच, पण त्या जातीच्या घड्याळांना संग्राहक ओळखतात ते वेगळ्या धाटणीच्या तबकडीमुळे. आतलं मशीन त्या काळच्या इतर डेटोनांसारखंच.

तबकडी म्हणजे बहुधा पितळेची पातळ चकती. मागे दोन बारीक पाय असतात, त्यांवर ती मशीनला बसते. वर मुलामा किंवा रंग, लॅकरचा हात आणि छपाई. ही छपाई मोठी मजेशीर असते. धातूच्या पाटीवर अक्षरं कोरतात, खाचांत शाई भरतात, मग सिलिकॉनचा मऊ गोळा (पूर्वी जिलेटिनचा असे) त्या पाटीवर दाबून शाई उचलतात आणि तबकडीवर टेकवतात. अक्षरांचा थर इतका पातळ की काही जुन्या तबकड्यांवर ओला कापूस फिरवला तरी कंपनीचं नाव कापसावर येतं!

या नाजूक थरांचा शत्रू म्हणजे ओलावा. सिंगापूरच्या हवेत वर्षभर ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. जुन्या घड्याळाची किल्ली आणि काच सैल झालेली असते, दमट हवा आत शिरते, लॅकरला बारीक फोड येतात, मुलाम्यावर काळे ठिपके पडतात. म्हणून इथले हौशी लोक कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवतात त्या ड्राय कॅबिनेटमध्येच घड्याळंही ठेवतात. माझंही तसंच.

आता डाग पडलेच तर काय? सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ‘रिडायल’. जुना रंग रसायनानं काढायचा, पितळ घासायचं, नवा रंग मारून नव्यानं छपाई करायची. उत्तम कारागीर असेल तर काम सुंदर होतं. पण आपल्याकडून, विशेषतः मुंबईतून, जगभर जाणाऱ्या स्वस्त रिडायल घड्याळांना संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असं नावच पडलंय, आणि ते कौतुकानं घेतलं जात नाही. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर परदेशातल्या भारतीयांना घरच्या आठवणीनं ‘जनता’ आणि ‘पायलट’ हवीशी झाली. मग भडक केशरी, पोपटी रंगांच्या, कारखान्यानं कधीच न काढलेल्या तबकड्या लावून ती विकली जाऊ लागली.

ओळखायचं कसं? भिंगातून अक्षरांच्या कडा बघा; मूळ छपाई रेखीव असते, नकलेची शाई पसरलेली. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का बघा. सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरं गायब किंवा तिरकी असतील तर शंका घ्या. तबकडीच्या कडेला छोटी खाच दिसली तरीही. छपाईच्या वेळी दिशा चुकू नये म्हणून काही रंगवणारे ती पाडतात.

एक इशारा मात्र गंभीर आहे. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही पट्टीला ‘रेडियम’ म्हणतात, अगदी गाडीच्या स्टिकरलासुद्धा. पण १९६० च्या आधीच्या चमकत्या काट्या-आकड्यांच्या घड्याळांत खरंच रेडियम असू शकतं. अशा तबकड्या रंगवताना ओठांनी ब्रशला टोक काढणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली १९२० च्या दशकात गंभीर आजारी पडल्या, काही दगावल्या. आज ते आकडे चमकत नाहीत, कारण रेडियमसोबतचं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियम मात्र तसंच असतं. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. तेव्हा अशी तबकडी घरी उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.

हे सगळं पुस्तकी ज्ञान माझ्या घरच्या घड्याळाशी येऊन ठेपलं ते गेल्या वर्षी.

बाबांचं एचएमटी ‘जनता’, तबकडीवर देवनागरीत नाव असलेलं. आईच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला, आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फुटांची पातळी ओलांडली, आणि आमच्या तळमजल्यावरचं कपाट तीन दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर बाबांनी ड्रॉवरमधून घड्याळ काढलं आणि दुकानं उघडल्याबरोबर गणपती पेठेतल्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी पेट्रोलमध्ये धुऊन, तेल घालून ते चालू करून दिलं. तबकडीवर मात्र चारपासून आठपर्यंत एक तपकिरी रेघ राहिली. पाणी जिथपर्यंत साचून राहिलं तिथपर्यंत. बाबा शेवटपर्यंत तेच घड्याळ घालायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले, घड्याळही नंतर बंद पडलं.

माझ्या मुलाच्या मुंजीत ते घड्याळ त्याला द्यायचं, हे आईनंच ठरवलं. ‘‘पण आधी तो डाग घालव,’’ ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. ‘‘मुंजीत बटूला डागाळलेलं घड्याळ देतात का?’’

मी तिला वर लिहिलं ते सगळं सांगितलं. मूळ तबकडी, छपाई, एकदा पुसलं की परत न येणं. शेवटी म्हणालो, ‘‘आई, तो डाग म्हणजे आपल्या घराची आठवण आहे.’’

‘‘तुझ्यासाठी आठवण,’’ ती म्हणाली. ‘‘तू तेव्हा तिकडे होतास. आम्ही आठ दिवस दुसऱ्याच्या गच्चीवर काढलेत. मला ते रोज नातवाच्या हातावर बघायचं नाही.’’

याला उत्तर नव्हतं. संग्राहकांचे नियम संग्राहकांसाठी असतात. घड्याळ आईचं होतं.

तोआ पायो भागात एका छोट्या टपरीवजा दुकानात सत्तरीचे एक चिनी अंकल बसतात. मी घड्याळ त्यांच्यासमोर ठेवलं. भिंग लावून बराच वेळ बघितल्यावर ते म्हणाले, ‘‘मशीन, कॅन. फेस, आय डोंट टच लाह.’’ मग ड्रॉवरमधून एक मळकं प्लॅस्टिकचं पाकीट काढून दाखवलं. त्यात त्यांनी गिऱ्हाइकांच्या घड्याळांतून काढलेल्या जुन्या तबकड्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली. रंगवू नकोस, बदल. जुनी जपून ठेव.

म्हणजे माझ्याच धंद्यातली भाषा! मूळ फाइलला हात न लावता दुसरी जोडायची. सांगलीच्या मित्रानं सुट्या भागांसाठी विकायला ठेवलेलं एक मोडकं ‘जनता’ मिळवून पाठवलं. त्याची तबकडी मी भिंगातून तासभर तपासली. मूळचीच निघाली, फक्त थोडी पिवळसर. मशीन तेच असल्यानं पायांच्या जागा बरोबर जुळल्या. अंकलनी मुख्य स्प्रिंग बदलली, गंजलेली दोन चाकं बदलली, काच नवी लावली. बाबांची तबकडी मी फक्त हवेच्या फुग्यानं धूळ उडवून, पाण्याचा थेंबही न लावता, पाकिटात ठेवली. सोबत चिठ्ठी: कुणाचं घड्याळ, कुठला पूर, कुठलं साल.

मुंजीत मुलानं घड्याळ घातलं. मनगटावर ते फिरत होतं, पट्ट्याला तीन जादा भोकं पाडावी लागली. आई खूश होती. आठवड्यानं तिचा फोन आला, इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, ‘‘ती जुनी तबकडी टाकली नाहीस ना?’’

नाही टाकली. ड्राय कॅबिनेटमध्ये आहे. मुलगा मोठा झाला की कुठली लावायची ते त्याचं तो ठरवेल.

तुमच्याकडेही असं घड्याळ असेल तर पुढच्या भारतवारीत घड्याळजींकडे देण्याआधी एवढं करा. तबकडीचा जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढा. ‘फक्त मशीन करा, तबकडीला पाणी किंवा स्पिरिट लावू नका’ असं स्पष्ट सांगा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. रंगवायचंच असेल तर जरूर रंगवा, घड्याळ शेवटी वापरायलाच असतं. पण रंगवल्याची नोंद ठेवा. आणि सगळ्यात आधी, ते डाग कसे पडले ते माहीत असलेलं माणूस घरात असेल तर त्याला आजच फोन करून विचारून घ्या.