जुन्या मोटारीला रंग देऊ नका!

दिवाळी जवळ आली की घराला चुना लागतो, दारे-खिडक्यांवर रंगाचा हात फिरतो, आणि त्याच भरात अंगणातल्या जुन्या मोटारीकडे मंडळींची दृष्टी वळते. ‘हिलाही एकदा चकचकीत करून टाकू!’ नांदेडच्या वजिराबादेत काय, लातूरच्या गंजगोलाईपाशी काय, उत्साह सारखाच. वाचकहो, जरा थांबा. तिच्या अंगावर कारखान्याचाच रंग असेल, तर तो खरवडू नका.

तो रंग, तसेच आसनांचे रेक्झिन आणि काचा, एकदा गेल्या की गेल्या. नवा रंग कितीही सुरेख असो, तो आपल्या गावच्या रंगाऱ्याचा. जाणकार गिऱ्हाईक चकाकीला भुलत नाही. तो बॉनेट उघडून इंजिनाचा व चॅसिसचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहतो. जुन्या मोटारींची ‘फिवा’ ही जागतिक संस्था १९६६ सालची. तिच्या ट्यूरिन सनदेतही नवे करण्यापेक्षा आहे ते जपण्यालाच मान आहे.

आपल्या सरकारनेही हे ओळखले आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. रोजच्या वापराला मात्र ती चालत नाही. नवी नोंद झाल्यास क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंद असेल तर जुना क्रमांक राखता येतो. मराठवाड्याच्या दृष्टीने हे मोलाचे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नांदेड-लातूर हैदराबाद राज्यात होते. तेव्हाच्या गाडीची पाटी व कागद हाही इतिहासच. आणि हे केवळ राजेरजवाड्यांपुरते नव्हे, बरे का! कुर्ल्याच्या फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले. त्या पहिल्या पद्मिनींनीही आता पन्नाशी गाठली आहे.

आपल्याकडची कोरडी हवा पत्र्याला मानवते. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यासारखा गंज येथे चढत नाही. ऊन मात्र रबर व रेक्झिन तडकवते. म्हणून गाडी सावलीत ठेवा, पण हवाबंद ताडपत्रीखाली कोंडू नका. नुसती उभी ठेवणेही घातकच. निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस मोजकेच मैल धावली, तरी पुढे तिचे काम काढावे लागले; आता ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे.

ब्रेक, टायर, पेट्रोलची नळी आणि वायरिंग येथे जुनेपणाचा हट्ट नको. ते खुशाल बदला. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. आसन उसवले तर तेवढाच टाका घाला. गंजाने भोक पडले असेल तर तेवढाच पत्रा दुरुस्त करा, आणि मिस्त्रीने हात लावण्यापूर्वी फोटो काढा. पॉलिशची पेस्ट जोराने घासू नका, जुना थर पातळ होतो. मऊ फडके, साधे पाणी आणि मेणाचा हलका हात, एवढे दिवाळीला पुरे.