काटा खरा, तर माप खरं

सोनपेठच्या बाजारात कापूस काट्यावर चढला, की शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: काटा खरा आहे ना? प्रमाणित वजन ठेवलं की त्याचं उत्तर मिळतं. आज आपण ज्या काट्याबद्दल बोलतोय, तो जिवंत पेशीवर पडणारं बल मोजतो. १९८६ साली आलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकातली ही केसाहून बारीक, लवचीक पट्टी. पेशीला टेकली की ती वाकते, आणि वाकण्यावरून बल कळतं. हे बल पिकोन्यूटनात मोजतात, म्हणजे न्यूटनाच्या एक लाख कोटीव्या भागात. इतकं हलकं वजन आणायचं कुठून?

गंमत अशी, की ते निसर्गच पुरवतो. भोवतालचे रेणू सतत धडकत असल्याने पट्टी आपोआप थरथरते. मऊ असेल तर जास्त, ताठ असेल तर कमी. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर असते. तिला थरथरीच्या वर्गाच्या सरासरीने भागलं, की साधारण ताठपणा मिळतो. ०.०१ न्यूटन प्रति मीटर ताठपणाची पट्टी जेमतेम ०.६ नॅनोमीटर थरथरते.

पण यंत्र दाखवतं व्होल्ट. म्हणून पट्टी आधी कडक काचेवर दाबून, एका व्होल्टला किती नॅनोमीटर, हे ठरवतात. तिथे १०% चूक झाली, तर वर्गामुळे ताठपणात सुमारे २०% चूक होते.

अनेक कर्करोगी पेशी निरोगी पेशींपेक्षा मऊ असतात. काटा खोटा असेल, तर आपण निरोगी पेशीलाच रोगी ठरवू.