उसाच्या बिलापासून ताळेबंदापर्यंत: बारामती-इंदापुरात लेखाशास्त्र शिकताना

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरी हिशेबाचे तीन कागद नेमाने येतात. कारखान्याचे ऊसबिल, डेअरीचे दूधबिल आणि वार्षिक सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल. त्याच घरातली मुलगी बी.कॉम.ला जाते आणि वर्गात 'अ लिमिटेड' व 'ब लिमिटेड' या काल्पनिक कंपन्यांची गणिते सोडवते. घरचे कागद आणि वर्गातली गणिते यांची गाठ क्वचितच पडते. ती पडावी म्हणून हा लेख आहे. वित्तीय अहवालापासून डेटा ॲनालिसिसपर्यंत अभ्यासक्रमात जे काही आहे, ते जवळजवळ सगळे या तीन कागदांत सापडते.

कुठे आणि काय शिकवतात

बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासूनचे. आज ते स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हाती आणि पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या महाविद्यालयातही वाणिज्य शाखा आहे, आणि इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांची, किंवा ऑनर्ससह चार वर्षांची. विषयांची चढण ठरलेली आहे: आधी वित्तीय लेखांकन, मग कंपनीची खाती, कॉस्टिंग, लेखापरीक्षण आणि कर.

ऊसबिल हा पहिला धडा

या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. त्यांच्यापैकी कुणाचेही ऊसबिल जमा-नावे शिकायला पुरेसे आहे.

केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) ठरवली ती १०.२५ टक्के साखर-उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३.४६ रुपये जास्त. समजा उतारा ११.२५ टक्के धरला, तर दर ३८९ रुपये ६० पैसे, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये. महाराष्ट्रात यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती उदाहरणादाखल ९०० रुपये मानली, तर शेतकऱ्याच्या नावावर २,९९६ रुपये उरतात.

कारखान्याच्या पुस्तकात ऊसखरेदी नावे पडते आणि सभासदाचे खाते जमा होते. बिलातून गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाची वसुली कापली की सभासदाचे खाते नावे, सोसायटीचे खाते जमा. या वसुलीत कारखान्याला एक रुपयाही मिळत नाही, तो फक्त मधला माणूस आहे. उत्पन्न आणि नुसती हातातून गेलेली रक्कम यांतला फरक पुस्तकातल्या व्याख्येने जितका कळतो, त्याहून या एका नोंदीने जास्त कळतो. बिनपरतीच्या ठेवींची कपात मात्र अवघड आहे. जी रक्कम परत द्यायचीच नाही, ती ताळेबंदात देणे म्हणून दाखवायची की भांडवलासारखी मानायची? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. तासभर चर्चा चालते.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज अजून दिले नसले, तरी ज्या काळाचे आहे त्या काळाच्या खर्चात ते यायला हवे. अक्रुअल म्हणतात ते हेच. अहवाल हातात आला की थकीत ऊसबिलाची रक्कम आणि त्यावरच्या व्याजाची तरतूद शेजारी ठेवून पाहावी.

३१ मार्चला गोदामात पडलेली साखर

माझ्या मते साखर कारखान्याच्या ताळेबंदातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा नफ्याचा नाही, शिल्लक साखरेच्या किमतीचा आहे. गाळप हिवाळ्यात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे पोती सगळ्यात जास्त भरलेली असतात नेमकी त्याच दिवशी ताळेबंद काढला जातो.

लेखामानक २ सांगते की साठा उत्पादनखर्च किंवा विक्रीतून निव्वळ मिळू शकणारी किंमत, यांत जी कमी असेल तिला धरावा. ऐकायला सोपे आहे. पण गोदामात पाच लाख क्विंटल साखर असेल आणि मूल्यांकनात क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक पडला, तर नफा पाच कोटींनी हलतो. साखर तीच, पोती तेवढीच.

याच साठ्यावर कारखाना बँकेकडून मालतारण कर्ज घेतो. म्हणून मूल्यांकनाची ही ओळ बँक वाचते, लेखापरीक्षक वाचतो. सभासदानेही वाचायला हवी.

मळी आणि बगॅस यांचा मुद्दा कॉस्टिंगच्या तासाला येतो. उपपदार्थ किरकोळ असेल तर त्याची किंमत मुख्य मालाच्या खर्चातून वजा करतात. पण कारखान्याची स्वतःची डिस्टिलरी आणि वीजप्रकल्प असेल, तर मळी एका विभागातून दुसऱ्यात जाते आणि तिचा दर कारखानाच ठरवतो. तो दर कमी धरला की डिस्टिलरी फायद्यात दिसते, जास्त धरला की साखर विभाग. 'साखरेत तोटा झाला' हे वाक्य अहवालात दिसले, की मळी कोणत्या दराने वर्ग केली हे आधी शोधावे.

उसाचा दर: खर्च की नफावाटप?

सहकारी कारखान्यात ऊस विकणारा आणि मालक एकच. मग किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम ही कच्च्या मालाची किंमत, की सभासदांना वाटलेला नफा? खर्च मानला तर करपात्र उत्पन्न घटते. नफावाटप मानले तर त्यावर आधी कर भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा प्राप्तिकर खात्याशी यावरून वर्षानुवर्षे वाद चालला.

तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मधला रस्ता काढला: जादा दरात नफ्याचा जो भाग असेल तो नफावाटप, उरलेला खर्च, आणि हा हिशेब करनिर्धारण अधिकाऱ्याने करावा. त्याआधी २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून खर्च म्हणून मान्य केली होती. मागच्या वर्षांचा प्रश्न २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला. कारखान्यांना त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. नफ्याचा 'विनियोग' आणि नफ्यावरचा 'भार' यांतला फरक पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकतो. इथे त्याची किंमत हजारो कोटींची होती.

डेटा ॲनालिसिस: दूधबिलापासून सुरुवात

दोनशे सभासदांच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ मिळून वर्षाला १,४६,००० नोंदी होतात. प्रत्येकीत तारीख, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) आणि दर. पिव्होट टेबल शिकायला यापेक्षा चांगला तक्ता मिळणार नाही. एखाद्याचे फॅट महिनाभर दशांशानेही हलत नसेल, तर विचारावे लागते, कारण जनावराचे दूध ऋतू, चारा आणि वेताप्रमाणे बदलते. संस्थेने घेतलेले एकूण लिटर आणि पुढे पाठवलेले लिटर यांतली घट दर महिन्याला किती, हेही पाहता येते.

वजनकाट्याच्या नोंदींतून असेच प्रश्न काढता येतात. त्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीचे रिकामे वजन खेपेगणिक फार बदलते का? एकाच गाडीच्या दोन वजनांमध्ये अशक्य इतके कमी अंतर आहे का?

बेनफर्डचा नियमही आता वर्गात शिकवला जातो. नैसर्गिकरीत्या जमलेल्या आकड्यांत सुमारे ३० टक्के आकड्यांची सुरुवात १ ने होते. खर्चाच्या व्हाउचरांना तो लावून पाहावा. फॅटला लावू नये, कारण ते मोजक्या मर्यादेतच फिरते. कोणते साधन कुठे चालत नाही हे कळण्यासाठी मूळ व्यवहार ठाऊक असावा लागतो, आणि म्हणूनच कीर्द-खतावणी कच्ची ठेवून थेट सॉफ्टवेअरकडे धावणे मला पटत नाही. संगणक वेगळी दिसणारी ओळ दाखवतो. ती चूक आहे, लबाडी आहे की गाय नुकती व्यालेली आहे, हे माणसालाच ठरवावे लागते.

हे कौशल्य फक्त मोठ्या कंपन्यांपुरते उरलेले नाही. कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. गावच्या विकास सोसायट्या, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्था, याही मागे नाहीत. देशातल्या अशा ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली.

पदवीनंतर

सी.ए.चा रस्ता सर्वांना माहीत आहे. पदवीत ठरावीक गुण असतील तर इंटरमिजिएटला थेट प्रवेश मिळतो, आणि आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे. जिच्याबद्दल त्याहून कमी बोलले जाते अशी परीक्षा म्हणजे जी.डी.सी. अँड ए., सहकार व लेखा पदविका. ती सहकार आयुक्तालयामार्फत होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पदवी, ही पदविका आणि लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून काम करू शकते. तिला मराठीचे कामापुरते ज्ञान असावे, ही अटही कायद्यातच आहे. जिथे पतसंस्था, सोसायट्या आणि दूध संस्था गावोगाव आहेत, तिथे हे काम घरापासून दूर न जाता मिळते.

नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक आहेत. ते नुसत्या प्रमाणपत्रावर भागवू नये. महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी सोसायटीच्या सचिवाकडे, दूध संस्थेत, कारखान्याच्या लेखा विभागात मार्चच्या सुमारास पाठवावेत. तेव्हा ताळे जुळवायला तिथे माणसे कमीच पडतात.