शेतकऱ्याने घर कोठे बांधावे : गावात की शेतावर?

विहिरीस पाणी लागले व चार एकर बागाईत झाली की गावातील घर सोडून शेतावर वस्ती करावी काय, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. पुष्कळ ठिकाणी त्याचा निकाल घाईने लावला जातो, व एकदा घर बांधून झाल्यावर चूक ध्यानात येऊनही उपयोग होत नाही. मनुष्य घर कोठे करतो, हे त्याच्या हौसेपेक्षा पाऊस, जमीन व रोजचे काम या तिहींवर अवलंबून असते. आपल्याकडील गावे जेथे आहेत तेथेच का वसली हे समजून घेतल्यास वरील प्रश्नाचा विचार नीट करता येईल, म्हणून तो विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षास दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस अवघ्या बारा मैलांवरील पाचगणीस त्याच्या सुमारे तिसरा हिस्सा पडतो, आणि आणखी पूर्वेस माण तालुक्यात तो वीस इंचांच्या आसपास येऊन ठेपतो. एकाच जिल्ह्यातील हा फरक होय! पाऊस बदलला की पीक बदलते, पीक बदलले की काम बदलते, आणि कामाबरोबर राहण्याची तऱ्हाही बदलते.

कोकणात शंभर इंच पाऊस ही सामान्य गोष्ट आहे. तेथे ओढे, पऱ्हे व उथळ विहिरी जागोजाग असल्याने पाण्यासाठी सर्वांनी एका ठिकाणी गोळा होण्याचे कारण पडले नाही. सपाट जमीन थोडी व ती सर्व भाताच्या खाचरांस लागणारी. तेव्हा घर उतारावर, जांभ्याच्या चिऱ्याचे, उतरत्या कौलारू छपराचे, आणि भोवती आंबा, फणस, माड. लावणीपासून कापणीपर्यंत खाचरातील पाणी राखावे लागत असल्यामुळे शेत घराजवळ असणे जरूर असते. म्हणूनच कोकणातील गाव वाड्यावाड्यांतून विखुरलेले असते. मात्र जमिनीचे तुकडे लहान व मुख्य पीक एकच, यामुळे घरातील एखाद्या कर्त्या माणसास मुंबईची वाट धरावी लागली, हेही त्याच हवापाण्याचे फळ होय.

देशावर याच्या उलट प्रकार दिसतो. पाणी नदीकाठी किंवा मोजक्या विहिरींवरच, तेव्हा वस्तीही तेथेच एकवटली. शिवाय जिरायत ज्वारी-बाजरीच्या शेतात माणूस रोज लागत नाही. पेरणी, खुरपणी, राखण व खळे या दिवसांत काम पडते; राखणीपुरता माळ्यावर गोफण घेऊन बसले म्हणजे झाले. वर्षातील बाकीचे दिवस गावातून जाऊन-येऊन भागते. पूर्वी पुंडपेंढाऱ्यांची भीती असल्यामुळे गावकूस व वेस यांचा आधार सोडून कोणी एकटे राहत नसे.

आपल्या भाषेत शेतजमिनीस ‘काळी’ व गावठाणास ‘पांढरी’ म्हणतात. या दोन शब्दांत मोठा अनुभव साठविलेला आहे. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. तिच्यावर घातलेला पाया हलतो, भिंती तडकतात, आणि पावसाळ्यात अंगणात पाऊल घालवत नाही. शिवाय पिकासाठी तीच उत्तम. म्हणून जाणत्यांनी घरासाठी उंचवट्याची, मुरमाड व निचऱ्याची जागा निवडली, आणि पाऊस कमी असल्याने तेथे सपाट माळवदाची घरे टिकली.

ज्यांचा धंदाच फिरता आहे, त्यांचे घरही ऋतूबरोबर फिरते. संततधार पावसात मेंढीचे खूर कुजतात, म्हणून धनगर पावसाळा पूर्वेकडील कोरड्या माळांवर काढतात, आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. तेथील रिकाम्या खाचरांत मेंढरे बसविली की शेतास खत मिळते व धनगरास धान्य किंवा पैसा. बीड व त्याच्या आसपासच्या कोरड्या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीस जातात. परंतु त्यांचे स्थलांतर हौसेचे नसून गावी हंगामात काम व पाणी नसल्याचे आहे.

पाण्याने वस्ती बसते तशी ती उठतेही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून शेतकऱ्यांची वस्ती होती. आरंभी ऐसपैस चौकोनी घरे होती. सुमारे १००० नंतर लहान गोल झोपड्या दिसू लागतात व सुमारे ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. हवा कोरडी होत गेल्याने शेती खालावली, असा अर्थ संशोधकांनी यातून काढला आहे. याच्या उलट, १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर सासवडचे बागाईतदार माळी मूळ गाव सोडून कालव्यांच्या मुलुखात गेले, आणि ओसाड माळांवर उसाचे मळे उभे राहिले.

आज विहीर व विजेचा पंप यांनी हाच कालवा ज्याच्या त्याच्या शेतात आणला आहे. बागाईतीस माणूस रोज लागतो. दुभती जनावरे असली तर दिवसातून दोनदा. पंपास वीज बरीच वर्षे रात्रीच्या पाळीने मिळत आल्यामुळे रात्रीही शेतावर राहणे भाग पडले. तेव्हा वस्तीकडे ओढा असणे स्वाभाविक आहे, व त्यास आमचा विरोध नाही. मात्र एकट्या घरास शाळा, दवाखाना व शेजार दूर पडतो. त्याची झळ घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध यांस अधिक लागते. जुन्नर भागात उसाच्या फडांत बिबट्याने ठाण मांडल्यापासून तर एकट्या घरातील लोकांस सांजवेळी दाराबाहेर पडणेही धोक्याचे झाले आहे.

यासाठी आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत :

१. ज्या पाण्याच्या भरवशावर घर बांधावयाचे, ते दोन-तीन उन्हाळे टिकते की नाही हे आधी पाहावे. एका चांगल्या पावसाळ्यानंतरची विहीर पाहून निर्णय करू नये.

२. घर काळीत न बांधता शेतातील मुरमाड, उंच तुकडा त्यासाठी निवडावा. नाइलाज असल्यास पाया काळ्या थराखालील मुरमापर्यंत न्यावा.

३. पिण्याच्या पाण्याची विहीर गोठा, उकिरडा व शौचकूप यांपासून दूर व चढाच्या बाजूस असावी.

४. भर पावसात आजारी माणसास गाडीतून नेता येईल असा रस्ता आधी करावा, मग घर.

५. एकट्याने न राहता शेजारच्या बांधकऱ्यांनी आपापल्या बांधांच्या कोपऱ्यावर जवळजवळ घरे करावीत. दहा-बारा घरांची वाडी झाली की रस्ता, वीज व शाळा मागण्यास जोर येतो.

यांपैकी पाचवी सूचना अमलात आणणे सर्वांत कठीण, कारण बांधकऱ्यांचे आपसांत क्वचितच पटते! परंतु बांधाचा वाद चार हात जमिनीचा असतो, आणि शेजार साऱ्या घराचा. शेतावर जाणाऱ्याने विहिरीचे पाणी जसे पारखावे, तसा शेजारही आधी जोडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.