तीन हात रुंदीची भिंत



हंगाम आटोपला. टोळ्या आपापल्या गावी गेल्या, गव्हाणीवर शुकशुकाट आहे, आणि कारखान्यात दुरुस्तीची ठोकठाक सुरू झाली आहे. शेतावरही खोडव्याचे पाणी आणि पाचट सोडले तर थोडी उसंत आहे. नेहमी या पानावर आम्ही लागण, बेणे, खताचे हप्ते यांवर लिहितो. या खेपेस घराबद्दल लिहायचे आहे.

निमित्त घडले ते असे. मागल्या पंधरवड्यात आम्ही एका गटात नोंदींसाठी फिरत होतो. एका जुन्या सभासदांच्या वाड्यात चहाला थांबलो. वर माळवदावर दोन गडी पांढरी माती पसरत होते. पावसाळ्याआधीचे नेहमीचे काम. आबांना विचारले, "जुनी माती काढली का आधी?" आबा हसले. "काढायची कशाला? आज्ज्यानं टाकली, बापानं टाकली, आता आमी टाकतोय. जितका थर जास्त तितकं घर गार. आन् भिंत बघा की, तीन हात रुंद हाय. तोफ लावली तरी हालायची न्हाई."

चहा घेतला, पण घोट काही गोड लागला नाही. कारण अशाच भिंती आणि अशीच माळवदे किल्लारीच्या पट्ट्यात होती.

तरुण सभासदांना ते दिवस ठाऊक नसतील, म्हणून थोडे सांगतो. आपला हा भाग, म्हणजे सगळे दख्खनचे पठार, जुन्या कठीण खडकाचे. भूकंप म्हणजे हिमालयाकडची, कच्छकडची गोष्ट असे शिकल्यासवरल्या माणसांचेही मत होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पहिल्यांदा लोक दचकले. पण ती धरणाजवळची गोष्ट म्हणून मराठवाड्यात कोणी मनावर घेतली नाही. भूकंपाच्या सरकारी नकाशावर किल्लारीचा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या रकान्यात होता. १९९२ मध्ये तिथे लहान लहान धक्के बसले. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग सवय झाली आणि परत आत आले. शेतकरी माणूस किती दिवस अंगणात निजणार? पेरणी-काढणी कोणाला चुकली आहे!

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. रिश्टरच्या मापाने सहाच्या थोडा वरचा धक्का. जगात असे भूकंप दरवर्षी शंभरावर होतात आणि पुष्कळ ठिकाणी फारशी माणसे मरत नाहीत. इथे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी, सास्तूर ही नावे अजूनही आपल्याकडे आवाज खाली करूनच घेतली जातात.

एवढी माणसे कशाने गेली? जमीन दुभंगून कोणी आत गेले नाही. माणसे गेली ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीखाली. रुंद भिंत म्हणजे एक भिंत नसतेच. बाहेरून एक दगडाचा थर, आतून दुसरा, आणि मधे मातीत टाकलेले गोटे नि चिपा. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार लांब दगड गवंड्याने घातलेला नसतो. जमीन हलली की मधला भराव दाटतो, दोन्ही थर फुगून सुटे होतात, आणि दगड आत झोपलेल्या माणसावर येतात. भिंत जितकी रुंद तितका दगडांचा ढीग मोठा.

वरून माळवद. त्याचा हिशोब आपण ऊसवाल्यांनी सहज करावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढ्या खणावर एक फूट मातीचा थर घेतला, तर तिचे वजन साडेचार-पाच टन भरते. म्हणजे दोन-तीन बैलगाड्या ऊस डोक्यावर रचून त्याखाली पोरेबाळे निजवायची. आणि आबांच्या माळवदावरचा थर एक फुटाचा नाही, दोन फुटांच्या पुढे गेलेला आहे. आम्ही वर चढून हाताने मोजला.

दुसरी एक गोष्ट किल्लारीत पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. ज्या घरांत माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांब-तुळयांवर तोललेले होते, त्यांतली काही माळवदे भिंती पडूनही उभी राहिली. आणि ज्यांच्याकडे वाडा बांधायची ऐपत नव्हती, जे कुडाच्या-पाचटाच्या झोपडीत किंवा पत्र्याखाली राहत होते, त्यांतले बहुतेक वाचले. पिढ्यान् पिढ्या ज्या वाड्याचा मान सांगितला तोच अंगावर आला, हे ऐकायला कडू लागते. पण ते खरे आहे.

त्यानंतर शास्त्रज्ञांनीही आपली वही दुरुस्त केली. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला झोन रद्दच करून दुसऱ्यात मिळवला, आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. "कमी धोका" याचा अर्थ पुष्कळ वर्षांत क्वचित घडते एवढाच आहे. आपल्या हयातीत घडणार नाही असे त्यात कुठे लिहिलेले नसते. पुराचेही तसेच. दुष्काळी म्हणून ज्या भागाला टँकर पाहायची सवय, त्याच भागात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ, परांडा या तालुक्यांत घरात पाणी घातले, उभा ऊस लोळवला, जमीन खरवडून नेली.

आता करायचे काय? वाडा पाडून बंगला बांधा असे आम्ही म्हणत नाही. उसाचे बिल कुठे कुठे पुरते ते आम्हालाही ठाऊक आहे. पण पहिले काम फुकटातले आहे. माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी काढा. थर सहा-आठ बोटांवर आणा. गळतीची भीती असेल तर खाली जाड प्लॅस्टिकचा कागद घाला. धान्याची पोती, जुने जाते, लाकूडफाटा माळवदावर ठेवू नका. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू ठोकून घ्या. गावचा सुतार एका दिवसात करतो.

दुसरे काम थोडे खर्चाचे. भिंतीत दर तीन-चार फुटांवर दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. भूकंपानंतर मराठवाड्यात घरांच्या मजबुतीसाठी ही रीत शिकवली गेली. भिंतीत आधीच फुगवटा दिसत असेल तर मात्र तिला स्वतः हात लावू नका, जाणत्या अभियंत्याला दाखवा.

आणि एक चूक अलीकडे फार दिसते, ती कृपा करून करू नका. जुन्या दगडमातीच्या भिंती तशाच ठेवून वर स्लॅब ओततात. वरून घर नवे दिसते, खाली तीच माती. नवे बांधायचेच असेल तर जोत्याला, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली सळईचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवून घ्या. गवंडी "लागत नाही" म्हणेल. पैसे आपले आहेत, आपण ऐकवायचे.

बाकी तयारी घरच्या बाईमाणसाला आपल्याहून बरी कळते, म्हणून थोडक्यात. सातबारा, पासबुक, आधार आणि कारखान्याचा शेअर दाखला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ट्रंकेत वरच्या बाजूला ठेवावा. पुरानंतर भिजके कागद वाळवत बसण्यापेक्षा बरे. बॅटरी उशाशी असावी. चार नातलगांचे नंबर भिंतीवर लिहावेत, मोबाइल बंद पडला की एकही पाठ नसतो. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. कोण कुठल्या खोलीत झोपते हे शेजाऱ्याला ठाऊक असू द्या. ढिगारा उपसायची वेळ आली तर कुठून सुरुवात करायची ते त्यालाच कळेल. गोठ्यात एक धारदार विळा खिळ्याला कायम टांगलेला ठेवा. आग लागो की पाणी शिरो, ओल्या दाव्याची गाठ घाईत सुटत नाही.

वळवाचे दिवस आहेत म्हणून विजेबद्दलही सांगितले पाहिजे. भूकंप क्वचित येतो, पण वीज दर वर्षी कोणाच्या तरी शिवारात पडते. ढग गडगडले की बाभळीखाली, मोटारीच्या पत्र्याच्या खोपटाजवळ थांबू नये. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे मोबाइलवरचे ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. घरातल्या पोराकडून ते घालून घ्या.

आबांकडे आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. पहिल्यांदा त्यांनी आमचे ऐकून घेतले नव्हते. "तुमी उसाचं बोला, घराचं आमी बघतो," म्हणाले होते. या वेळी त्यांची सून बोलली. तिचे माहेर सास्तूरकडचे. त्या रात्री ती सहा वर्षांची होती, मामाच्या गावी गेलेली म्हणून राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती उन्हाळा-पावसाळा पुढच्या पत्र्याच्या पडवीतच झोपते, आणि घरात सगळे तिला भित्री म्हणतात. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. आबा मात्र बराच वेळ गप्प होते.

आम्ही निघालो तेव्हा माळवदावर पुन्हा गडी चढले होते. या वेळी घमेली खाली येत होती. अंगणात मातीचा ढीग कमरेएवढा झाला होता आणि अजून निम्मे माळवद उपसायचे राहिले होते.